अवंतीचं माप

शशिकलाबाईंचा पिंड दर्भावर ठेवून पाऊण तास झाला, तरी नर्मदाकाठी नेमावरच्या घाटावर एकही कावळा खाली उतरेना. कावळे नव्हते अशातला भाग नाही. पायऱ्यांवरच्या कडुनिंबावर चांगले पंधरा-वीस बसले होते आणि खालच्या माणसांकडे टकामका बघत होते. शेजारी कन्नौदहून आलेल्या एका कुटुंबाचा पिंड ठेवल्याठेवल्या दोघांनी फोडला, आणि ती मंडळी हात जोडून, डबे आवरून जीपमध्ये बसायलाही लागली. शशिकलाबाईंच्या पिंडाला मात्र कुणी चोच लावेना.

पिंडासमोर ओल्या धोतरात, नुकत्याच तासलेल्या डोक्याने उभी होती ती त्यांची एकुलती एक लेक. आता घाटावर कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की हा मुलगा आहे, याचं नाव प्रणव, वय वीस, देवासच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रेशनकार्डही तेच सांगत होतं. पण तिचं नाव अवंती होतं, आणि ते साऱ्या जगात जेमतेम चार-पाच जणांना ठाऊक होतं. गोष्ट तिची आहे, तेव्हा आपण तिला तिच्याच नावाने हाक मारू. रेशनकार्डाचं रेशनकार्ड बघून घेईल.

दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा मागे राहिली, असं मानतात. मग नातेवाईक एकेक करून पिंडासमोर येतात आणि वचन देतात. बरोबर वचन सापडलं की कावळा उतरतो. शशिकलाबाईंची इच्छा कोणती राहिली, हे तिथल्या सगळ्यांत अवंतीलाच पक्कं माहीत होतं. ती पुरी करणंही एकट्या तिच्याच हातात होतं, आणि तीच तिची अडचण होती.

तिचे वडील नीलकंठराव त्र्याऐंशी साली सोलापूरकडून देवासला कारखान्यातल्या नोकरीसाठी आले. मशीनमधून निघालेला प्रत्येक भाग तपासायचा आणि त्यावर ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी चोवीस वर्षांत एकदाही शिक्का उचलला नव्हता. वरच्या साहेबाने घाई केली तरी नाही, दिवाळीच्या आदल्या दिवशी सगळे घरी पळत होते तेव्हाही नाही. घरातही तीच तऱ्हा होती. दूध, गॅसचं सिलिंडर, प्रगतिपुस्तक, सगळं आधी चष्म्याखालून जायचं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या समोर बसलं की आपल्यात कुठेतरी खोट आहे असं उगाच वाटू लागायचं. अवंतीला तर ते उगाच वाटत नव्हतं.

शशिकलाबाई मूळच्या देवासच्याच. त्यांचे आजोबा संस्थानाच्या थोरल्या पातीत, म्हणजे देवासच्या दोन गाद्यांपैकी मोठीत, कारकून होते, आणि त्यांचे थोरले भाऊ मानसिंगराव अजूनही संस्थान कालच बुडाल्यासारखे बोलत. बाईंना त्यातलं काही नव्हतं. खिडकीपाशी शिलाई मशीन टाकून त्या कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत. हात असा होता की बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप त्यांच्या डोळ्यांत बसलेलं असे. टेप लावायची ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

अवंती सात वर्षांची असताना टेकडीवरच्या देवीच्या पायऱ्यांवरून घरंगळली आणि तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते वाकडं जुळलं. तेव्हापासून डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली राहिला. आई तिच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या खांद्यात आतून कापसाचं पातळ पॅड शिवून टाकायची. शाळेत कुणाला कधी पत्ता लागला नाही. पुढे अवंती स्वतःही ते विसरून गेली, कारण आईने शिवलेल्या कपड्यांत ती नेहमी सरळच दिसायची.

आठवीत असताना केबलवर हिंदीत केलेली जपानी कार्टून्स लागू लागली. संध्याकाळी साडेचारच्या एका मालिकेत एक मुलगी पुलाच्या नाक्यावर बसलेली असायची. लांब केस, रुंद बाह्यांचा गडद निळा झगा, कमरेला पांढरा पट्टा. मेलेली माणसं त्या पुलावरून पलीकडे जायची आणि ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची: मागे काय राहिलं? खरं उत्तर मिळेपर्यंत ती वाटेवरचा आडवा दांडा वर करत नसे. अवंती ते कार्टून पाहताना पापणी लववत नसे. आई मशीन चालवता चालवता बघायची. एकदा म्हणाली, हा तर आपला दहाव्याचा कावळाच झाला की. आणि त्या मुलीचं नाव तिने ‘पुलावरची’ ठेवून टाकलं. जपानी नाव तिच्या जिभेला जमत नव्हतं.

अवंतीला ती मुलगी आवडायची असं म्हणणं अपुरं आहे. तिला तीच व्हायचं होतं. आधी वाटलं हे वेड आहे, वाढत्या वयाबरोबर जाईल. ते गेलं नाही. उलट मिशी फुटली तशी ते अंगात रुतत गेलं. आरशासमोर उभं राहून ती दाढी करायची तेव्हा आपण कुणा परक्या मुलाची दाढी करतो आहोत असं तिला वाटायचं, आणि हे सांगायचं कुणाला, तर कुणालाच नाही.

मग सायबर कॅफे आला आणि ऑर्कुट आलं. तिथे माळव्यातल्या जपानी कार्टूनवेड्यांची एक कम्युनिटी होती. सदस्य एकतीस, त्यांतले खरोखर बोलणारे पाच. तिथे तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव अवंती असं लिहिलं. धारची देवश्री तिची तिथली मैत्रीण झाली. देवश्री इंदूरला इंजिनीअरिंग करत होती आणि तोंडाने फटकळ होती. पहिल्यांदा भेटायचं ठरलं तेव्हा अवंतीने आठ दिवस खाडाखोड करून तिला लिहिलं की मी दिसायला मुलगा आहे. उत्तर पाच मिनिटांत आलं: ठीक आहे, चहा घेतेस की कॉफी?

ते पाच जण सन दोन हजार सातच्या जानेवारीत धारला देवश्रीच्या घराच्या गच्चीवर जमले. देवासचा अंकुर पुठ्ठ्याची तलवार घेऊन आला होता, कुणी आईचा गाऊन, कुणी चादर गुंडाळली होती. आपल्या आवडत्या पात्रासारखं सजायचं, याला ते कॉस्प्ले म्हणत. खालून देवश्रीच्या आईने पोहे पाठवले आणि देवश्री ओरडली, अवंतीला जास्त वाढा, तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून, तेही पोह्यांच्या निमित्ताने, अवंतीने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिला रडू फुटलं. अंकुरने फक्त तिच्या बशीत लिंबू पिळलं. डिसेंबरात इंदूरच्या एका कॉलेजच्या फेस्टला पाचांनी नीट तयार होऊन जायचं, असं त्या दिवशी ठरलं. अवंती पुलावरची होणार होती. तिने केस वाढवायला सुरुवात तर आधीच केली होती.

घोटाळा फोनने केला. एका दुपारी देवश्रीचा फोन आईने उचलला, आणि देवश्री सवयीने विचारून गेली, अवंती आहे का? आई म्हणाली, इथे कोणी अवंती राहत नाही, बाई. मग लेकीकडे वळून पाहिलं. अवंतीने सुचेल ते ठोकून दिलं: अवंती म्हणजे माझी एक मैत्रीण, धारची, कुणीतरी चुकून इथे विचारलं. आई ‘बरं’ म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

त्यानंतर सात-आठ महिने त्या घरात अवंती नावाची एक मुलगी वावरू लागली, जी कधीच घरी आली नव्हती. आई काम करता करता विचारायची, अवंतीला भरीत आवडतं का रे? नाही, वांग्याने तिचा घसा खवखवतो. अवंतीला पहाटे जाग येते का? नाही, ती आठपर्यंत लोळते. अवंतीला भीती कशाची वाटते? घरच्यांची. आई म्हणाली, वेडी आहे पोर. कारखान्यातून नीलकंठराव आले की हे बोलणं थांबायचं. आपण आईशी खोटं बोलतो आहोत याची अवंतीला शरम वाटायची, आणि तरी दुपार कधी होते याची ती वाट बघायची. आईने मनात या मुलीला सून करून टाकलं आहे, अशी तिची खात्री झाली होती.

पुलावरचीचा झगा आईनेच मागून घेतला. अवंतीला कसल्याशा कार्यक्रमात घालायचा आहे ना, मग टेलर कशाला, माप आण. आता आली पंचाईत. अवंतीने देवश्रीचं माप एका कागदावर लिहून आणलं. खांदा चौदा, बाही इतकी, उंची इतकी. झगा झाला की टेलरकडून मोठा करून घेऊ, असा तिचा बेत होता. आईने कागद वाचला, एकदा तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तो मशीनच्या खणात टाकून दिला.

सप्टेंबरात आईच्या पोटात दुखू लागलं. इंदूरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून नीलकंठरावांनी रिपोर्ट तीन वेळा चष्म्याखालून घातला, पण त्यावर मारायला त्यांच्याकडे शिक्का नव्हता. आईने तशातच उठत-बसत झगा पुरा केला. तो साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातला, पिशवीचं तोंड टाके घालून शिवून टाकलं आणि म्हणाली, हे अवंतीनेच उसवायचं.

दिवाळीनंतर ती दवाखान्यातून परत आली नाही. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी उमाआत्या, म्हणजे नीलकंठरावांची बहीण, पायथ्याशी बसलेली असताना आईने अवंतीचा हात धरला.

“अवंतीला एकदा घेऊन ये,” ती म्हणाली. “मला बघायचंय तिला.”

“परीक्षा झाली की आणीन.”

अवंती हे म्हणाली तेव्हा ती आईपासून हातभर अंतरावर उभी होती. आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. गुरुवारी ती गेली.

पुढचे नऊ दिवस त्या घरात काय झालं, हे ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितलं असतं. चौथ्या दुपारी मशीनचं चाक फिरल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. उमाआत्या म्हणाली, उंदीर असेल. कॉलनीत इतकी वर्षं कुणी उंदीर पाहिला नव्हता. रोज साडेचारला एक कावळा खिडकीच्या जाळीवर येऊन बसायचा आणि मान वाकडी करून बंद टीव्हीकडे बघायचा. हाकलला तर जात नसे, आणि टाकलेला घास खातही नसे. आईच्या जागी लावलेल्या दिव्याखाली रीतीप्रमाणे पीठ पसरून टोपली पालथी घातली होती. गेलेल्याचा पुढचा जन्म कोणता, त्याचं पाऊल त्या पिठात उमटतं म्हणतात. सकाळी टोपली उचलल्यावर आत्याला त्यात पक्ष्याचा पाय दिसला. अवंतीला दिसली ती बारीक टिंबांची एक वळलेली रेघ. कापडावर माप उतरवताना आईचं दातेरी चाक फिरायचं तेव्हा नेमकी तशी रेघ उमटायची, खांद्यावरून बाहीकडे जाणारी. तिने पीठ पुसून टाकलं आणि कुणाशी बोलली नाही. आई घरातून गेली नाही याची तिला भीती वाटत नव्हती. आई कशासाठी थांबली आहे हे तिला माहीत होतं, भीती त्याची होती.

आत्याने कपाटं उपसायला घेतली तेव्हा अवंतीने ती शिवलेली पिशवी गुपचूप अंकुरच्या हाती देवश्रीकडे पाठवून दिली. ती उसवायचं धाडस तिला झालंच नव्हतं.

दहाव्याला पहाटेच नेमावर गाठलं. मानसिंगमामांनी न्हाव्याला खूण केली. चौदा महिने वाढवलेले केस पायरीवर पडत गेले, आणि अवंती खाली मान घालून बसून राहिली. नाही म्हणता आलं असतं. पण मग पिंड मामांच्या मुलाने दिला असता, कारण लेकीच्या हातचा पिंड मामांना चालला नसता. आईला माझ्या हातचंच मिळालं पाहिजे, एवढं एकच तिच्या मनात होतं. त्यासाठी तिला मुलगा व्हावं लागलं आणि ती झाली. इतका कडू सौदा तिने जन्मात केला नव्हता.

आणि आता कावळा शिवत नव्हता.

पहिलं वचन मामांनी दिलं. चिरंजिवांचं पुढचं शिक्षण आपल्याकडे लागलं, असं त्यांनी दरबारात अर्जी वाचावी तशा आवाजात सांगितलं. मग आत्या म्हणाली, वहिनी, तुमचं मशीन मी कुणाला विकू देणार नाही. कावळ्यांनी पंख साफ केले. नीलकंठराव पुढे आलेच नाहीत. ते एका खांबाला टेकून, चष्मा हातात घेऊन, नदीवरच्या लांबच लांब पुलाकडे पाहत होते. नेमावरचे गुरुजी अनुभवी होते. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “देखो भिया, बाईंचं काही तरी रह गया है. आठवा जरा.”

तेव्हा आत्याला दवाखान्यातली दुपार आठवली. धारची कुणी अवंती आहे, तिला बघायचं म्हणत होत्या, हे तिने मामांच्या कानात सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. ते पिंडासमोर हात जोडून म्हणाले, शशी, मार्गी लागलं समज, ती अवंतीच आपल्या घरची सून होईल. हे ऐकताच झाडावरचे सगळे कावळे एकदम उडाले आणि पार पलीकडच्या देवळाच्या कळसावर जाऊन बसले.

नेमकी त्याच वेळी देवश्री आणि अंकुर वरच्या रस्त्यावर बसमधून उतरले. देवश्रीच्या हातात ती पिशवी होती. मामांनी पायऱ्या उतरणारी मुलगी पाहिली, धारहून आली आहे हे ऐकलं, आणि त्यांना आणखी काही विचारायची गरज उरली नाही. त्यांनी तिला पिंडासमोर उभं राहून ‘आई, मी अवंती आले’ एवढं म्हणायला सांगितलं.

“मी अवंती नाही,” देवश्री म्हणाली.

“नसलीस तरी म्हण. नाटकात म्हणतात तसं. एका जिवाचा प्रश्न आहे.”

“काका, मला सोंग घ्यायचं वावडं नाही, हौसेने घेते मी. पण हे नाव माझं नाही आणि हा कपडाही माझा नाही.”

मामा संतापले. गुरुजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. असं होतं कधी कधी, ते म्हणाले, त्यालाही शास्त्राने तोड ठेवली आहे. त्यांनी दर्भाच्या काड्या घेतल्या आणि त्या दुमडून त्यांचा कावळा करायला बसले. एक गाठ मारली की चोच, दुसरी मारली की शेपूट. या कावळ्याने पिंडाला स्पर्श केला की तो खऱ्या कावळ्याचाच धरायचा. “आपण मान लिया, तो हो गया कौआ,” गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अवंती त्या गवताकडे बघत राहिली. दोन गाठी मारलेलं गवत इथे सगळ्यांच्या देखत कावळा होत होतं, आणि तुझा जन्म कुठल्या अंड्यातून झाला असं त्याला कुणी विचारत नव्हतं. तिला हसू आलं आणि तिचा संताप संताप झाला.

देवश्रीने तिला बाजूला घेतलं. पिशवी तिने उसवली होती, त्याबद्दल आधी माफी मागितली. झगा कुबट होऊ नये म्हणून बाहेर काढला आणि सहज अंगावर चढवून पाहिला, तर ती त्यात बुडाली होती. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, खांदे तीन इंच जास्त रुंद होते.

“मी चौदा लिहून दिले होते ना? काकूंनी माझं माप बघितलेलंच नाही,” देवश्री म्हणाली. “आणि हे बघ. डाव्या खांद्यात आतून कापूस भरलाय. फक्त डाव्यात. मला कळेना कशासाठी.”

अवंतीने त्या खांद्यावर बोट ठेवलं. पातळ पॅड, चहूबाजूंनी बारीक टाके. ती मटकन पायरीवर बसली. आईला कोणी फसवलंच नव्हतं. भरीत न खाणारी, आठपर्यंत लोळणारी, घरच्यांना भिणारी अवंती कोण, हे आईला पहिल्या फोनपासून ठाऊक होतं. इतके महिने ती त्याच पोरीशी बोलत होती. आणि दवाखान्यात हात धरून तिने जे मागितलं, ते समोर उभ्या असलेल्या लेकीकडेच मागितलं होतं. त्यावर लेक म्हणाली, परीक्षा झाली की आणीन. अवंतीच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून आत्या दचकून मागे वळली.

घाटावर कपडे बदलायला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. अवंतीने पिशवी उचलली आणि ज्या दारावर ‘महिला’ लिहिलं होतं त्या दारातून आत गेली. मामांनी हाक मारली ती तिने ऐकली नाही. ओल्या अंगावर झगा चढेना, तरी तो बसला. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. दोन्ही खांदे एका रेषेत आले. आरसा तिथे नव्हता आणि तिला तो लागलाही नाही.

ती बाहेर आली तेव्हा गुरुजींच्या हातातला दर्भाचा कावळा अर्धाच झाला होता. तासलेलं डोकं, निळा झगा, अनवाणी पाय. मामा तोंड उघडून तसेच राहिले. अवंती पायऱ्या उतरून पिंडासमोर गेली आणि गुडघे टेकून बसली. पुलावरचीने विचारलं असतं तेच तिला कुणीतरी विचारत होतं, आणि दांडा वर व्हायचा तर उत्तर खरं हवं होतं.

“आई, मी आले,” ती म्हणाली. “अवंती. उशीर झाला.”

एवढं बोलून तिने मान वर केली, तर पिंडाच्या पलीकडे नीलकंठराव उभे होते. ते केव्हा खांबापासून निघून तिथवर आले हे तिला कळलं नव्हतं. चष्मा आता डोळ्यांवर होता. ते तिच्याकडे पाहत होते, जसे ते आयुष्यभर प्रत्येक वस्तूकडे पाहत आले होते, सावकाश, एक कोपरा न सोडता. डोक्यापासून निघालेली नजर खांद्यांवर येऊन थांबली, डाव्यावर, मग उजव्यावर, मग पुन्हा चेहऱ्यावर. आता शिक्का पडणार हे तिला ठाऊक होतं. तरी या वेळी तिने नजर खाली घेतली नाही. घाटावरचा एकूण एक माणूस त्या दोघांकडे पाहत होता.

कुठेतरी पंख फडफडल्यासारखं झालं. बाकीच्यांनी वळून पाहिलं तेव्हा पिंड फुटलेला होता आणि दर्भावर भाताची शितं विखुरली होती. आजूबाजूला काही नव्हतं. झाड रिकामं होतं, कळसावरचे कावळे कळसावरच होते.

आत्या पुटपुटली की वारा असेल. मामा म्हणाले, कुत्रं आलं असेल, हा काही स्पर्श नव्हे, कुणी पाहिला का कावळा, आणि हा असा तमाशा झाल्यावर येईलच कसा. त्यांनी गुरुजींना दर्भाचा कावळा पुरा करायला सांगितलं. गुरुजींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीच पाहिलं नव्हतं. शेवटी ते नीलकंठरावांकडे वळले, कारण पिंडाच्या सगळ्यांत जवळ तेच होते.

“आपने देखा क्या, साहेब?”

नीलकंठरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला.

“पाहिला,” ते म्हणाले. “कावळा शिवला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

मामांनी वाद सोडला. चोवीस वर्षांत हा माणूस न पाहिलेल्या वस्तूवर बोलला नव्हता, हे साऱ्या देवासला माहीत होतं. गुरुजींनी हातातल्या गाठी सोडल्या आणि दर्भ नदीत टाकून दिला. अवंती मात्र तिथेच बसून राहिली. पिंड फुटला तेव्हा बाबांची नजर तिच्यावरून क्षणभरही हलली नव्हती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तो सगळा वेळ ती त्यांच्याच डोळ्यांत पाहत होती.